कोविड लसीचे दोन डोस नव्हते म्हणून गेटवरून परत पाठवलं – कायदा तेव्हा कुठे होता?

मोगरा७ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. परवा दिराचा नव्या नोकरीचा फॉर्म भरायला बसलो. पॅनकार्ड, बँकेचं पासबुक, दहावीचं मार्कशीट, आणि त्याच्या खाली एक रकाना निघाला, 'कोविड लसीकरण प्रमाणपत्र, दोन्ही डोस, जोडावे'. इतक्या वर्षांनी. दिराने पेन खाली ठेवलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसला. का ते सांगते.

२०२१ मध्ये तो चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपला होता, कंत्राटदाराकडून. पाच वर्षं त्याच गेटमधून आत जायचा. कंत्राटदार मधे दोनदा बदलला, मशीन तेच राहिलं. एप्रिलमध्ये घरात सगळ्यांनाच कोविड झाला. त्याला ऑक्सिजन लागला, ८ मे रोजी घरी आला. त्याच महिन्यात केंद्राने सांगितलं की कोविड होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची. तो थांबला. ९ ऑगस्टला कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतला. दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबरला. मधे कितीही रांगेत उभे राहा, कोविनवर नावच पुढे जात नव्हतं.

१ सप्टेंबरला सकाळी पावणेसातला गेटवर सिक्युरिटीने मोबाईल मागितला, सर्टिफिकेट बघितलं आणि म्हणाला, "एकच आहे. दोन झाल्यावर ये." अंगठा लावून बघितला तर मशीनने घेतलाच नाही, रात्रीतच बंद केला होता. सुपरवायझर म्हणाला कंत्राटदाराशी बोल. कंत्राटदार म्हणाला कंपनीचं सांगणं आहे. कागद कोणीच दिला नाही. दोन डोस आणि वरचे चौदा दिवस भरून १५ नोव्हेंबरला डबा घेऊन गेला, तेव्हा त्याच्या मशीनवर दुसरा मुलगा होता.

अडीच महिन्यांचा पगार गेला, पाठोपाठ कामही गेलं. माझ्या सासूबाईंनी तेव्हा गळ्यातली पोत गहाण ठेवली होती, ती सुटायला दीड वर्ष लागलं.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. असं करायला कायद्याची परवानगी होती का? सुप्रीम कोर्टाने सक्ती चुकीची ठरवली असं ऐकलं, मग त्याचा आमच्यासारख्यांना काही उपयोग झाला का? आणि आता या फॉर्मचं काय करायचं?

८:१२ची_फास्ट | सोमवार, रात्री १०:०५

मोगराताई, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे हेच रेल्वेच्या निमित्ताने झालं.

मी डोंबिवलीची, तेव्हा मशीद बंदरला एका पेढीत हिशेब लिहायला जायचे. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल सुरू. आम्ही आनंदाने रडलो होतो खरं तर. पण माझा दुसरा डोस व्हायचा होता. शेठ म्हणाले, "ज्यांना पास मिळतो त्यांनी यावं." बसने जायला एका बाजूला तीन तास लागायचे. मी महिनाभर गेले. मग कंबर धरली आणि सोडलं. शेठने मला काढलं नाही, सरकारनेही काढलं नाही, असं दोघंही म्हणू शकतात. पण काम गेलंच.

काळा_कोट | सोमवार, रात्री ११:२०

मी पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करते. झोपायच्या आधी जमेल तेवढं लिहिते, उरलेलं उद्या.

मोगराताई, आधी एक गाठ सोडवू. राज्यघटनेचं कलम १४, म्हणजे समानता, आणि कलम २१, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, ही मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायची हत्यारं आहेत. सरकार, महापालिका, सरकारी कंपनी यांनी भेदभाव केला तर उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट याचिका, करता येते. खाजगी कारखान्याविरुद्ध तो रस्ता सहसा चालत नाही. आणि खाजगी नोकरीत लस घेतली-न घेतली यावरून भेदभाव करू नये असं सांगणारा कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हता, आजही नाही. उलट मालकाने लस सक्तीची करावी असं संसदेने कोविडसाठी कधी म्हटलं नाही. आरोग्य मंत्रालय पहिल्यापासून सांगत होतं की लस ऐच्छिक आहे. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्रावरच सांगितलं की संमतीशिवाय कोणाला लस देण्याचं आमचं धोरण नाही आणि कुठल्याही कामासाठी प्रमाणपत्र जवळ बाळगणं आम्ही बंधनकारक केलेलं नाही.

मग सक्ती आली कुठून? राज्यांच्या आदेशांतून. १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी घाईने केला होता, आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, या दोन्हींच्या आधारावर. महाराष्ट्रात ११ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात, ज्या खाजगी आणि औद्योगिक आस्थापनांच्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण पूर्ण झालं त्यांना पूर्ण क्षमतेने चालवायची मुभा मिळाली. तुमच्या दिराचं गेट १ सप्टेंबरला बंद होण्यामागे बहुधा हेच आहे. 'सगळ्यांचे दोन डोस असतील तर सगळ्या शिफ्ट चालवा' असं म्हटल्यावर ज्याचा डोस राहिला तो कारखान्याला नडायला लागला.

मनुष्यबळ_१६वर्षं | मंगळवार, सकाळी ७:१५

मी रांजणगाव भागात एका कारखान्यात एचआरला होतो. काळा_कोट मॅडमनी जे लिहिलं ते आतून कसं झालं ते सांगतो. हे मनावर ओझं आहे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही एक्सेल शीट केली. दोन डोस हिरवा, एक डोस पिवळा, शून्य लाल. त्यात नाव, टोकन नंबर, खातं, कंत्राटदार, डोसची तारीख असे रकाने होते. 'का राहिला' असा रकाना नव्हता. मी स्वतः ती शीट बनवली आणि तो रकाना मला सुचला नाही. त्यामुळे कोविड होऊन तीन महिने थांबलेला माणूस, ८४ दिवस मोजत बसलेला माणूस आणि लस घेणारच नाही म्हणणारा माणूस, 'हिरवा नाही' म्हणून सगळे एकाच रांगेत आले. आमच्याकडे पॅकिंगला एक मुलगी गरोदर होती. गरोदर बायकांना लस द्यायला केंद्राने परवानगीच २ जुलै २०२१ ला दिली. तिच्या डॉक्टरांनी थोडं थांब म्हणून सांगितलं होतं. तीही लाल.

कायम कामगारांना आम्ही सांगितलं की डोस होईपर्यंत रजा टाका, अर्जित रजा वापरा. युनियन होती, बैठक झाली, नोटीस बोर्डावर कागद लागला. कंत्राटी लोकांची यादी मात्र कंत्राटदाराला फोनवर वाचून दाखवली. कागद नको, असं वरून सांगणं होतं.

मोगराताई, तुमचे दीर आमच्याकडचे नव्हते. पण आमच्या यादीत तसे एकतीस जण होते.

मोगरा७ | मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. राग येतोय, तुमच्यावर नाही. "कागद नको" हे दोन शब्द वाचून येतोय. आम्हाला वाटत होतं की कंत्राटदार विसरला असेल.

सत्यशोधी | मंगळवार, सकाळी ९:०२

मुळात ती लसच घातक होती. ज्यांनी घेतली नाही ते वाचले. यावर बोला आधी.

मोगरा७ | मंगळवार, सकाळी ९:२०

सत्यशोधी, विनंती आहे, तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या. माझ्या दिराने लस घेतली आहे, आम्ही सगळ्यांनी घेतली, सासूबाईंना तिसरा डोसही दिला. ज्याला हवी होती आणि नियमाने मिळत नव्हती त्याची रोजीरोटी का गेली, एवढंच इथे विचारतेय.

वॉर्ड_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३:४५

ड्युटीवरून आले आणि वाचलं. थोडी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

मी डायलिसिस युनिटला काम करते. आमच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कशी असते ते मला माहीत आहे. अशा वॉर्डात, लस उपलब्ध असताना आणि वैद्यकीय अडचण नसताना कोणी घेणारच नाही म्हणाला, तर त्याला पेशंटजवळ पाठवू नका असं मी आजही म्हणेन. दुसरीकडे काम द्या, स्टोअरला द्या, रेकॉर्डला द्या. घरी बसवू नका.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्या देशात नोकरीशी जोडलेली लस कोविडच्या आधीपासून कायद्यात आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलंय की रुग्णालयाने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस द्यायची. 'द्यायची' म्हणजे जबाबदारी रुग्णालयाची. मावशीची नाही. आणि प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कित्येक वर्षांपूर्वी मी जिथे होते तिथे एका मावशींना लाल पिशवी बांधताना सुई टोचली. हातमोज्यात रक्त साचलेलं. पळत आल्या माझ्याकडे. विचारलं, हिपॅटायटिसचे डोस झालेत का? म्हणाल्या, "ते तुम्हा सिस्टर लोकांना देतात ना?" त्या ठेकेदाराच्या होत्या. तीन डोसची लस, शून्य, एक आणि सहा महिन्यांना घ्यायची, त्यातला एकही त्यांना मिळाला नव्हता. कोविडमध्ये त्याच मावशींना गेटवर सर्टिफिकेट मागितलं जात होतं.

मला म्हणायचंय ते हे की लस हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात होता तेव्हा कोणी रकाना केला नाही. अट झाली तेव्हा एका आठवड्यात एक्सेल तयार झाली.

इंद्रायणीकाठ | मंगळवार, दुपारी ४:३०

सिस्टर, हजार वेळा बरोबर. आमची आळंदीला खानावळ आहे. अन्नसुरक्षेच्या परवान्याच्या नियमांतही आहे की अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या पोटाच्या रोगांवरची लस. खर्च मी करतो, पोरांकडून कापत नाही. दाखल्यांची फाईल गल्ल्याशेजारीच असते.

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९:५०

आता कोर्टांचं. जरा लांब होईल, पण मोगराताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

पहिला मोठा निकाल ईशान्येतून आला, आणि तो कामधंद्याबद्दलच होता. मेघालयात जिल्हाधिकाऱ्यांनी दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीवाले यांना लस घेतल्याशिवाय धंदा उघडू नका असं सांगितलं. मेघालय उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २३ जून २०२१ ला म्हटलं की लसीकरण हवंच आहे, पण जबरदस्तीने किंवा पोटावर पाय देऊन नाही. तोडगा काढला तो साधा होता. दुकानावर, टॅक्सीवर 'लसीकरण झाले' किंवा 'झालेले नाही' अशी पाटी लावा, गिऱ्हाईक ठरवेल. पुढच्याच महिन्यात गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या इटानगर पीठासमोर अरुणाचलचा आदेश आला. लस घेतलेल्यांनाच राज्यात कामासाठी येण्याचा तात्पुरता परवाना द्यायचा, असं त्यात होतं. १९ जुलैला कोर्टाने त्या कलमाला स्थगिती दिली. कारण सरळ दिलं की लस घेतलेल्यालाही कोविड होतो आणि त्याच्याकडूनही पसरतो, मग या हेतूसाठी दोन वर्ग पाडायला आधार काय?

आपल्याकडे लोकलचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्यासमोर. तिथे प्रश्न लसीपेक्षा निर्णय कसा झाला यावर अडला. आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे राज्य कार्यकारी समितीने ठरवायचं, आणि तातडी असेल तरच मुख्य सचिवांनी एकट्याने. इथे एकट्याने झालं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टाने ते बोलून दाखवलं, सरकारने जुने आदेश मागे घेतले, आणि १ मार्चला नवे काढले. त्यातही लसीची अट राहिलीच.

मग २ मे २०२२. जेकब पुलियल विरुद्ध भारत सरकार. पुलियल हे बालरोगतज्ज्ञ, लसीकरणाच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाचे माजी सदस्य. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि भूषण गवई यांचं पीठ. त्यांनी म्हटलं की स्वतःच्या शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो, कोणावरही लसीची जबरदस्ती करता येणार नाही. त्याचबरोबर असंही म्हटलं की लोकांच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली, म्हणजे खाजगीपणाच्या हक्काच्या निकालातली, कसोटी लागेल. कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन हेतूच्या मापाचं हवं. लस न घेतलेल्याकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो हे दाखवणारी आकडेवारी राज्यांनी कोर्टापुढे ठेवली नव्हती. म्हणून त्या परिस्थितीत ही बंधनं प्रमाणशीर नाहीत असं ठरलं.

८:१२ची_फास्ट | मंगळवार, रात्री १०:०८

म्हणजे सुप्रीम कोर्टाने खाजगी कंपन्यांनाही मनाई केली ना? तेव्हा पेपरात तसंच वाचल्याचं आठवतंय.

काळा_कोट | मंगळवार, रात्री १०:३०

नाही, आणि हा फरक समजून घ्या. निकालात खाजगी संस्थांचा उल्लेख आहे. पण कोर्टाने त्यांना 'सुचवलं' आहे. लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं अजून मागे घेतली नसतील तर त्यांचा फेरविचार करा, संसर्ग कमी आहे तोवर. हुकूम नाही, सूचना. आणि तीही त्या वेळच्या परिस्थितीपुरती, हे त्यांनी स्पष्ट केलं. शिवाय तारीख बघा. महाराष्ट्राने गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, सगळे निर्बंध उठवले होते. निकाल आला त्याच्या महिनाभर नंतर. दिराचं गेट बंद झालं त्याला तोवर आठ महिने झाले होते.

मधल्या काळात आदेश कडकच होत गेले. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात ग्राहकाने नियम मोडला तर दुकान-आस्थापनेला १०,००० रुपये दंड, आस्थापनेने स्वतः मोडला तर ५०,०००. मालक घाबरले, ते मी समजू शकते. पण त्याच आदेशात 'पूर्ण लसीकरण' या शब्दांच्या व्याख्येत एक सूट होती. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसलेल्या माणसाकडे मान्यताप्राप्त डॉक्टरचा दाखला असेल, तर त्याला लसीकरण झालेला धरायचं. माझ्याकडे आलेल्या एकाही कामगाराला ही ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती.

मनुष्यबळ_१६वर्षं | मंगळवार, रात्री १०:४१

आम्ही वाचली नाही. दंडाचा आकडा वाचला.

मांडवी | बुधवार, पहाटे २:१०

मी मूळची डिचोलीची, आता इंग्लंडात स्विंडनला. इथे आमचे गोंयकार खूप आहेत, बरेच जण केअर होममध्ये. म्हातारे लोक सांभाळायचं काम. म्हणून इथलं सांगते.

इथे सरकारने थेट नियमच केला. ११ नोव्हेंबर २०२१ पासून इंग्लंडमधल्या केअर होममध्ये पूर्ण लस नसेल तर कामाला पाऊल ठेवता येणार नाही. फक्त केअर होम. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई, तिने लस घेतली नाही, तिची कारणं तिच्याकडे. तिला आधी बैठकीला बोलावलं. मग पत्र. पत्रात कारण, शेवटची तारीख, नोटीसचे पैसे, आणि याविरुद्ध अपील कुठे करायचं ते. ती ते पत्र घेऊन कामगार सल्ला केंद्रात गेली. तिथे तिला पहिल्यांदा हेच सांगितलं की रोजगार न्यायाधिकरणात जायचं तर तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच मुदत, आजपासून मोज. १५ मार्च २०२२ ला सरकारने तो नियम रद्द केला. चार महिन्यांचा नियम. ती परत आली नाही, गोदामात लागली.

मला तो नियम बरोबर वाटला होता, खरं सांगते. पहिल्या लाटेत आमच्या होममधली माणसं गेली, मी त्यांचे केस विंचरले होते. पण तिच्या हातात पत्र होतं. कोणी काढलं, का काढलं, कुठे दाद मागायची हे तिला माहीत होतं. मोगराताईंच्या दिराला तेवढंही नाही.

दूरदेशी | बुधवार, पहाटे ४:३५

न्यू जर्सीहून. थोडक्यात भर घालतो. अमेरिकेत दोन्ही टोकं एकाच वर्षी दिसली. मोंटाना राज्याने मे २०२१ मध्ये कायदाच केला की नोकरी देताना किंवा नोकरीच्या अटींत लसीवरून भेदभाव करायचा नाही. तो मानवी हक्कांच्या कायद्यात घातला आणि फक्त कोविडपुरता ठेवला नाही. दुसरीकडे केंद्र सरकारने शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लस नाहीतर दर आठवड्याला चाचणी असा नियम काढला. तो सुप्रीम कोर्टाने १३ जानेवारी २०२२ ला थांबवला. त्याच दिवशी सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांतली लसीची अट मात्र चालू ठेवली. म्हणजे वॉर्ड_सिस्टर जो फरक करताहेत तोच.

विहीर_आणि_रहाट | बुधवार, सकाळी ११:००

धाग्यावरून एक विचारते. आमच्या सोसायटीत २०२१ मध्ये धुणंभांडी करणाऱ्या मावशींना दोन डोसशिवाय फाटकात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. मी तेव्हा कमिटीत होते आणि हात वर केला होता. माझ्याकडच्या मावशींचा पगार मी चालू ठेवला, पण बाकी चार घरांनी दुसरी बाई लावली. त्यांना कुठे दाद मागता आली असती?

काळा_कोट | बुधवार, दुपारी १:२५

खरं उत्तर देते, जवळपास कुठेच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांसाठी आहे, काम गेलं तर परत मिळवून देण्यासाठी नाही. तुम्ही पगार चालू ठेवलात तेवढाच त्यांचा कायदा होता.

मोगराताई, आता तुमच्या दिराचं.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली, वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला असंच काढता येत नव्हतं. कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई. शिस्तभंग म्हणायचा तर आरोपपत्र आणि चौकशी. 'डोस नाही, उद्यापासून येऊ नको' हे यातलं काहीच नाही. म्हणजे कंत्राटदाराने केलं ते लसीच्या कायद्याने नसलं तरी साध्या कामगार कायद्याने बेकायदेशीरच होतं, असं मी कोर्टात मांडलं असतं.

अडचणी दोन. कंत्राटी कामगाराला महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली मूळ कंपनीविरुद्ध थेट तक्रार करता येत नाही. आधी तुम्ही त्या कंपनीचेच कामगार आहात हे निर्विवाद असावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सिप्लाच्या प्रकरणात सांगितलं. आणि मुदत. त्या कायद्यात ९० दिवस. औद्योगिक विवाद कायद्यात कामावरून काढल्याचा वाद थेट न्यायालयात न्यायला तीन वर्षं. दोन्ही उलटून गेल्या. आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवी औद्योगिक संबंध संहिता आली. मला वाईट वाटतंय हे लिहिताना. २०२२ मध्ये आला असता तर मी त्याचं प्रकरण पैसे न घेता चालवलं असतं.

कायद्याने काय करायला हवं होतं त्याचा नमुना मात्र आपल्याच देशात आहे. एचआयव्ही आणि एड्सचा २०१७ चा कायदा. तो खाजगी मालकालाही लागू आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला कामावरून काढायचं, तर त्याच्यापासून इतरांना मोठा धोका आहे किंवा तो ते काम करायला असमर्थ आहे असं स्वतंत्र आणि पात्र आरोग्यतज्ज्ञाने लेखी लिहून द्यावं लागतं, मालकाला आपली अडचण लेखी मांडावी लागते, आणि त्या कागदांची प्रत त्या माणसाच्या हातात द्यावी लागते. या अटीनेच बहुतेक मालक थांबतात. कारण लिहायला बसलं की कारण उरत नाही.

लसीसाठी असं एक कलम असतं तर मनुष्यबळ यांच्या शीटमध्ये तो रकाना आपोआप आला असता. दिराच्या नावापुढे लिहावं लागलं असतं, 'केंद्राच्या नियमाप्रमाणे १ नोव्हेंबरपर्यंत दुसरा डोस देय नाही'. आणि हे लिहून कोणी सही केली असती?

आता फॉर्म. खाजगी मालकाने माहिती मागू नये असा नियम नाही. पण द्यायलाच हवी असाही आदेश आज कुठला नाही. दिरांकडे दोन्ही डोसचं सर्टिफिकेट असेल, तरी जोडायच्या आधी एक मेल टाका. भांडणाचा सूर नको. 'हे प्रमाणपत्र कोणत्या आदेशानुसार आवश्यक आहे ते कृपया कळवावे', एवढंच. आणि गेटवर पुन्हा कधी, कशावरूनही अडवलं, तर त्याच दिवशी कंत्राटदार आणि कंपनी दोघांना संदेश पाठवायचा. 'आज सकाळी अमुक वाजता मी कामावर हजर झालो, मला प्रवेश नाकारला, मी काम करायला तयार आहे.' तारीख, वेळ, गेट नंबर. त्यांनी कागद दिला नाही तरी तुमचा कागद तयार होतो.

मनुष्यबळ_१६वर्षं | बुधवार, दुपारी २:०५

एचआरच्या बाजूने सांगतो, हा संदेश आला की फाईलला लावावा लागतो. आमच्या एकतीस जणांतल्या एकाने, शिकलेला होता, असा मेल केला होता. त्याला चौथ्या दिवशी आत घेतलं.

वॉर्ड_सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ६:४०

काळा_कोट मॅडम, तो संदेश मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्याल का? मी आमच्या मावशी-मामा लोकांच्या ग्रुपवर टाकते. आणि हिपॅटायटिसच्या डोसचं पण असंच लेखी मागायला शिकवते त्यांना.

काळा_कोट | बुधवार, रात्री ८:१५

देते. उद्या टाकते इथेच.

मोगरा७ | शुक्रवार, रात्री ९:०५

सगळ्यांना काय झालं ते सांगते.

बुधवारी रात्री दिराकडून मेल लिहून घेतला. त्याने स्वतःच टाईप केला, एक बोटाने, मी फक्त शेजारी बसले. "कोणत्या आदेशानुसार" हे शब्द त्याने दोनदा वाचले. गुरुवारी सकाळी कंपनीतून फोन आला, "अहो ते जुना फॉर्म आहे, लक्ष देऊ नका, तसाच रिकामा सोडा." दीर हो म्हणून फोन ठेवणार होता. मी हाताने खूण केली. त्याने विचारलं, "मॅडम, हेच मेलवर कळवाल का?" पलीकडे जरा वेळ शांतता, मग "बघते" म्हणाल्या.

आज संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी मेल आला. दोन ओळींचा. सदर रकाना ऐच्छिक आहे, रुजू होण्यासाठी आवश्यक नाही. खाली नाव आणि हुद्दा.

चौकातल्या दुकानात जाऊन त्याची प्रिंट काढून आणली. २०२१ चं त्याचं सर्टिफिकेट, दोन्ही डोसच्या तारखांचं, आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवलंय. प्रिंट त्याच पिशवीत घातली. सोमवारी पहिली पाळी आहे, सकाळी पावणेसातला गेटवर जायचंय. सासूबाई आत्ताच विचारून गेल्या, डब्याला काय करू.